डिझेलचा कोश्या, गॅसचा हरण्या

"तोंड उघडा तिचं," तात्या म्हणाले.

जुन्या गाड्यांचा व्यापारी मुबारकशेठ आधी माझ्याकडं बघायला लागला, मग लहूदादाकडं. आम्ही दोघं भाऊ त्या ट्रकच्या दोन टोकांना उभे होतो. मी बॉनेटपाशी, तो मागच्या फाळक्यापाशी, आणि दोघांनीही माना दुसरीकडं वळवल्या होत्या. बापाला आवरायचं तर भावाभावांनी आपसात बोलावं लागलं असतं, आणि तेवढंच काय ते आमच्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

"बॉनेट म्हणतायत," मी शेवटी शेठला सांगितलं.

शेठनं बॉनेट उचललं. तात्यांनी धोतराचा सोगा खोचून आत डोकं घातलं. बॅटरी, पंखा, नळ्या असं सगळं बोटानं चाचपलं आणि डोकं बाहेर काढून निकाल दिला, "जुळलाय. पर दात झिजलं न्हाईत अजून."

जुळलेला म्हणजे सगळे दात येऊन भरात आलेला बैल. तात्यांच्या उमेदीच्या काळात आमचा आकाशपाळणा लाकडी होता आणि तो बैलगाडीवरून जत्रेजत्रेला जायचा. पुढं लोखंडी मोठा पाळणा आला, त्याचे आरे, त्याचा आस, माणसं बसायचे डबे, हे सगळं लादलेला लांबलचक ट्रेलर आला, आणि तो ओढायला आजोबांनी एक धिप्पाड ट्रक घेतला. तात्यांनी मात्र जन्मात बैलाशिवाय ओढणारं काही विकत घेतलं नव्हतं. त्या पावसाळ्यात आजोबांच्या ट्रकनं राम म्हटला, आणि आमच्या घरातल्या सगळ्या भानगडी एकदम उघड्यावर आल्या.

भानगड होती ती आम्हा दोघांची. तात्यांनी आमची नावं लहू आणि अंकुश अशी जोडीनं ठेवली, तिथंच काहीतरी चुकलं असावं. आदल्या वर्षी एका जत्रेत मी पाळण्याच्या अगदी वरच्या डब्यात बसून सांधे ग्रीस करत होतो. खाली यंत्रापाशी दादा होता. पाळणा थांबवून, मला वर तसाच अडकवून हा चहाला गेला आणि तिकडं तमाशाच्या कनातीत जाऊन बसला. मी दिवस मावळेपर्यंत वर. भोंग्यांच्या आवाजात माझ्या हाका कुणाला ऐकू जाणार. खालून पोरं मला बघून हात हलवायची आणि मला वाटायचं ही आता कुणाला तरी सांगतील, तर ती जिलबी खायला पळायची. शेवटी दादा डुलत परत आला तेव्हा मी वरून पान्हा फेकून मारला. तो त्याच्या नव्याकोऱ्या मोबाइलला लागला. त्याचं म्हणणं, मी विसरलो. माझं म्हणणं, विसरला नाही. त्याचं म्हणणं, पान्हा डोक्यात बसला असता तर. माझं म्हणणं, मोबाइल नसता तर बसला असता. तिथून आमचं बोलणं बंद झालं ते झालंच. त्याला काही सांगायचं तर मी आईला सांगायचो, आई त्याला सांगायची, आणि तो समोरच बसलेला असायचा.

मग वाटणीची गोष्ट निघाली. भांडी वाटता येतात, घर वाटता येतं, पण अर्धा पाळणा कुणी फिरवलाय का. एकाला पाळणा मिळणार आणि दुसऱ्याला धंद्यातून बाहेर पडावं लागणार, हे दोघांनाही दिसत होतं. दादा मुंबईला वॉचमन होण्याची भाषा करायचा आणि मी साखर कारखान्यावर जाण्याची, पण दोघांचीही भीती एकच होती. पाळण्याखेरीज आम्हाला दुसरं काही येतच नव्हतं.

ट्रक मेल्यावर दादा म्हणाला, आता गॅसची गाडी घ्यायची. डिझेलचा धूर गिळून जन्म गेला, गॅसवर निम्म्या खर्चात तेवढाच पल्ला पडतो, इंजिन गुमान चालतं. मी आईला म्हटलं, त्याला म्हणावं, गॅसचा पंप आहे हमरस्त्यावर आणि आपल्या जत्रा आहेत डोंगरात. रांगेत नंबर लागेपर्यंत देव उठून जाईल. शिवाय गॅसची गाडी रिकामी असेपर्यंत पळते. मागं जड ट्रेलर लावून चढाला घाला, लगेच धापा टाकते. ओढायचं काम डिझेलचंच. दादाचं उत्तर आईमार्फत आलं, की ओढते तर ओढते, पण ओढून जे मिळेल ते सगळं स्वतःच पिते.

तात्यांनी हे महिनाभर ऐकून घेतलं. एका सकाळी चूळ भरता भरता म्हणाले, "बोरजाईच्या भैरोबाचा माळ हाय न्हवं? त्या चढावर ज्याच्या गाडीनं पाळणा नेला, पाळणा त्याचा. दुसऱ्यानं आपलं पोट बगावं."

बोरजाईची जत्रा आमची वर्षाची पहिली आणि सगळ्यात मोठी. देऊळ डोंगराच्या सपाटीवर आणि तिथं जायला रस्ता असा नाही, उघडा, रुंद, मुरमाड चढ आहे. पाळण्याची जागा ठरवायची पद्धतही जुनीच, जो आधी वर जाऊन मेख ठोकेल त्याला देवळासमोरची जागा. आमच्या आजोबांपासून ती मेख आमचीच होती.

तर अशा रीतीनं आम्ही मुबारकशेठच्या आवारात येऊन उभे होतो. मी एक डिझेलचा राखी रंगाचा ट्रक निवडला होता, दादानं गॅसचा पांढरा. तात्या दोन्हींची बैलासारखी पारख करत होते. त्यांनी डिझेलच्या मागच्या चाकावर थाप मारून लाथाडतो का पाहिलं. गॅसचा चालवून आणायला लावला आणि त्याची चाल उकिडवं बसून न्याहाळली. मागच्या दिव्यापाशी पोचा होता, तो, बैलाच्या अंगावरचा केसांचा भोवरा बघावा तसा, बोटानं गोल गोल चोळत म्हणाले, "भोवरा वंगाळ जागी हाय." शेठला घाम फुटला. त्यानं शपथेवर सांगितलं की गाडी मारकी नाही आणि ओझं लागलं की बसून घेणारी बसकीही नाही. तेव्हा कुठं कळलं, की त्याचे वडील बैलांचे हेडी, म्हणजे दलाल होते आणि हा माणूस तात्यांची भाषा आमच्यापेक्षा चांगली जाणत होता. मग तर दोघांना ऊतच आला.

आवाराच्या कडेला एक दहा चाकी उंच ट्रक उभा होता. आजोबांच्या ट्रकचा थोरला भाऊच म्हणा ना. तात्या त्याच्यापाशी गेले, एका टायरला काठी टेकवली आणि त्याचं तोंड न उघडताच परत फिरले.

"ह्यो न्हाई बघायचा?" शेठनं विचारलं.

"बसका हाय," तात्या म्हणाले.

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल शेठच्या हातावर टाकला, आपला हात खाली सरकवला आणि बैलबाजारात करतात तसा बोटांनी सौदा सुरू केला. टॉवेल हलत होता, शेठ मान हलवत होता, तात्या त्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटत होते. एकदा शेठ चमकून आमच्याकडं बघायला लागला. गॅसची गाडी बघायला आलेलं एक गिऱ्हाईक हा प्रकार बघून हळूच निघून गेलं.

टॉवेल उचलला तेव्हा तात्यांनी दोन्ही ट्रक घेतले होते. दोन जुने ट्रक घ्यायला आपल्याकडं आहे काय, मी तात्यांना सरळच विचारलं. तात्या म्हणाले, जत्रेत ठरेल, पडेल तो विकून टाकू. आम्हा दोघांनाही ते पटलं, कारण पडणार दुसराच याची दोघांनाही खात्री होती. घरी येताच त्यांनी बारसं केलं. राखी डिझेल झाला कोश्या, पांढरा गॅस झाला हरण्या.

जत्रेला निघताना ट्रेलर भरला तेव्हा डब्यांच्या खाली मला एक जाड लोखंडी आडवा बार दिसला. दोन टोकांना कड्या, मध्ये एक भोक, बरोबर चार खिळी. आमच्या पाळण्यात असला भाग नव्हता. दादाही त्याच्याकडं बघत होता. आईनं दोघांच्या वतीनं विचारलं.

"लागंल," तात्या म्हणाले.

सपाटीला ट्रेलर कुणीही ओढतं. कोश्यानं तो बोरजाईच्या पायथ्यापर्यंत आणला, मागून हरण्या जनरेटर आणि आईला घेऊन आला. चढ सुरू होतो तिथं तात्या काठी टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "हं. तुजा आधी."

मी भैरोबाचं नाव घेऊन कोश्याला चढाला घातलं. त्यानं असा काही हंबरडा फोडला की वरच्या देवळातली कबुतरं उडाली. थोडं वर गेलो. मग मागची चाकं मुरमात नुसती फिरायला लागली. ताकद होती, नाही म्हणत नाही, पण ती सगळी जमीन उकरण्यात जायला लागली. धुरात मला माझी बोटं दिसेनात. बघता बघता दोन चाकांनी दोन खड्डे काढले आणि ट्रेलरनं मला हळूहळू मागं ओढत पायथ्याला आणून ठेवलं. दादा हरण्याच्या पायरीवर उभा राहून खो खो हसत होता.

मग ट्रेलर हरण्याला लावून दादा. हरण्या सुरुवातीला छान निघाला, आवाज नाही, धूर नाही. अर्ध्या चढावर म्हसोबाचा शेंदरी दगड आहे, तिथवर गेला, एकदा धाप टाकली, दोनदा टाकली आणि बंद पडला. दादा ब्रेक दाबून गिअर बदलत राहिला, हरण्या उठून परत बसत राहिला. मी टाळ्या वाजवल्या. जत्रेला आलेली माणसंही वाजवायला लागली, त्यांना वाटलं हा कार्यक्रमच आहे. दादाही ट्रेलरसकट हळूहळू उतरत पायथ्याला आला.

तेवढ्यात लांब रस्त्यावर दुसऱ्या एका पाळणेवाल्याचा ट्रक दिसला. मागं चढावर ओढायला ट्रॅक्टर, म्हणजे तो पूर्ण तयारीनं आला होता. तो आधी वर गेला तर मेख त्याची, आणि पहिलीच जत्रा बुडाली तर वाटायला तरी काय राहणार होतं. मी आईला म्हटलं, तात्यांना विचार आता काय. तात्या ट्रेलरच्या मागं गेले आणि तो लोखंडी बार ओढायला लागले.

ते जू होतं. मधल्या भोकात ट्रेलरचा दांडा, दोन कड्यांत दोन ट्रकचे हूक, चार खिळी म्हणजे शिवळा. लोहाराकडून त्यांनी ते आधीच घडवून घेतलं होतं.

"एक बैल लावून कुणी गाडी वढतंय व्हय?" ते म्हणाले. "जुपा."

बापाला वेड लागलं आहे याबद्दल मी आणि दादानं वर्षभरात पहिल्यांदाच एकमतानं एकमेकांकडं बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली. पण मागं ट्रॅक्टरचा आवाज वाढत होता. आम्ही जुंपले. डाव्या अंगाला कोश्या, उजव्या अंगाला हरण्या. तात्या चाबूक घेऊन दोन्ही बॉनेटच्या पुढं उभे राहिले.

पहिल्यांदा मी आधी निघालो. जू तिरकं झालं, ट्रेलर वळला आणि मी हरण्याला कडेला फरफटत नेलं. दुसऱ्यांदा दादा आधी निघाला आणि कोश्या आडवा झाला. तिसऱ्यांदा दोघांच्याही हट्टानं सगळी वरात गोल फिरून पायथ्याकडं तोंड करून उभी राहिली. जत्रेतले लोक आता शिट्ट्या मारत होते. एक म्हातारा जवळ येऊन तात्यांना म्हणाला, "जोड नवी दिसतीया." तात्या म्हणाले, "व्हय, अजून एकमेकाच्या सावडीला लागली न्हाई."

मधल्या मधे आईची त्रेधा उडाली होती. मी खिडकीतून म्हणायचो, त्या गाढवाला म्हणावं क्लच हळू सोड. आई चढाच्या मुरमात चपला घसरत पलीकडं जायची आणि सांगायची, अंकुश म्हणतोय तुजी गाडी लई गुणाची हाय, फकस्त हळू सोड. तिकडून दादा जे बोलायचा ते मला इंजिनांच्या आवाजात ऐकू यायचं नाही, पण त्याचं तोंड दिसायचं. आई परत यायची आणि म्हणायची, लहू म्हणतोय, बरं. पण ती येईपर्यंत मी आधीच क्लच सोडलेला असायचा.

गाड्या फिरवून पुन्हा चढाकडं तोंड केलं, आणि चौथ्या खेपेला आई मध्येच थांबली. दोन ट्रकच्या मधून चालत तात्यांपाशी गेली, शेजारच्या दगडावर बसली आणि फडकं सोडून भाकरी काढली.

"मी आता जेवती," ती म्हणाली. "काय सांगायचं असंल ते तुमी सांगा."

"कुणाला?" मी ओरडलो.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि पाठ फिरवली. ट्रॅक्टरवाला पायथ्याला पोचून खाली उतरला होता, आमचा तमाशा बघायला कमरेवर हात ठेवून उभा होता. तात्यांनी चाबूक वर उचलला. मला त्या क्षणी दिसली ती देवळासमोरची रिकामी जागा. आजोबांच्या मेखेचं भोक तिथं अजून असेल, असं मनात आलं. राग तसाच होता, पण जागा जाईल ही भीती त्याच्याहून मोठी होती.

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. दादा माझ्याकडंच बघत होता.

"दादा," मी म्हटलं, "सोड."

आणि दोघांनी एकदम क्लच सोडला. कोश्या जमीन उकरायला लागला तेव्हा हरण्यानं दांडा सरळ धरला. म्हसोबाच्या दगडापाशी हरण्याला धाप लागली तेव्हा कोश्यानं वजन आपल्याकडं घेतलं. तात्या उलटे चालत चाबूक वाजवत होते, हरण्या, मान खाली घाल, कोश्या, बाबा, नेट लाव, असं ओरडत होते, आणि मागून आख्खी जत्रा हो बाबा, हो बाबा करत चढत होती. वर सपाटीवर पोचलो. आम्ही उतरून मेख ठोकली. घण मी मारला की त्यानं, यावर पुढं वाद झाला, पण ठोकली.

तात्यांनी जू सोडलं, देवळातून हळद मागून आणली, आईच्या डब्यातलं लोणी घेतलं आणि बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी बैलांची करतात तशी दोन्ही ट्रकच्या मागच्या हुकांची खांदेमळणी केली. मी आईला म्हटलं, पाळणा कुणाचा झाला ते विचार. आई मागून वर येऊन पुन्हा जेवायला बसली होती.

"ज्याच्या गाडीनं चढवला त्याचा, आसं म्हणालो हुतो," तात्यांनीच उत्तर दिलं. "तुमीच बगा कुणाच्या गाडीनं चढवला ते."

ते आम्ही पुढची कित्येक वर्षं बघत होतो. माझं म्हणणं, चढवला कोश्यानं, हरण्या नुसता बरोबर चालला. त्याचं म्हणणं उलट. आमचं बोलणं काही सुरू झालं नाही, खोटं कशाला सांगू. वर्षातून एकदा, बोरजाईच्या चढावर, मी "दादा, सोड" म्हणायचो आणि तो सोडायचा. बाकी वर्षभर सगळं आईमार्फत. पण पाळणा राहिला, दोन चुली राहिल्या तरी अंगण एक राहिलं, आणि दर बेंदराला दोन हुकांना हळद लागत राहिली.

तात्या गेले त्या वर्षी कोश्या आणि हरण्या दोन्हीही मोडीला निघाले. तेराव्यानंतर वाटणीची गोष्ट पुन्हा निघाली. आता चाबूक नव्हता. आईला ऐकू येईनासं झालं होतं, किंवा तसं ती म्हणत होती. गावातल्या चार जणांनी तोडगा काढला, की चिठ्ठी टाकावी, ज्याची निघेल त्याला पाळणा, आणि त्यानं दणकट असा एकच ट्रक घेऊन धंदा करावा. आधी ट्रक बघून येऊ आणि मग चिठ्ठी, असं ठरलं. एकाच एसटीनं आम्ही मुबारकशेठकडं गेलो. दादा पुढं बसला, मी मागं.

शेठ म्हातारा झाला होता. तात्यांचं कळल्यावर त्यानं डोळे पुसले, चहा सांगितला आणि मग हसायला लागला.

"तुमच्या वालिदांसारखा गिऱ्हाईक न्हाई बघितला मी," तो म्हणाला. "तो दहा चाकी आठवतोय? दोन गाड्यांच्या किमतीत तो एकटा येत होता. टॉवेलखाली मी त्यांचा हात दाबून सांगितलं, तात्या, ह्यो घ्या, एकटा वढंल तुमचा पाळणा. तर कानात म्हणाले, 'तीच तर खोड हाय त्याची. एकट्यानं चढणार न्हाईत आश्या दोन दे.'"

आम्ही दोघं चहा घेत होतो. दादाची बशी हातातच राहिली. मला तात्यांची ती उकिडवं बसून चाल बघण्याची बैठक आठवली, भोवऱ्यावर फिरणारं बोट आठवलं. आम्ही बापाला खुळा ठरवून माना वळवून उभे होतो तेव्हा तो माणूस दोन ट्रकांतला कमकुवतपणा नीट पारखून घेत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते लपवायला मी उठून आवारात गेलो.

आवाराच्या कडेला एक नवा, उंच, दहा चाकी ट्रक उभा होता. शेठ मागून आला आणि म्हणाला, बघा, ह्यो एकटा डोंगर उपटून नेईल. दादाही आला. त्यानं ट्रकभोवती एक फेरी मारली. एका टायरला पाय टेकवला आणि परत फिरला.

"बसका हाय," दादा म्हणाला.

शेठ माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, हो, दिसतंय लांबूनच. एक डिझेलची दाखवा, आणि एक गॅसची.

शेठनं खांद्यावरचा रुमाल काढला. दादा एका राखी ट्रकपाशी जाऊन थांबला होता. त्यानं मागं वळून बघितलं. इंजिन बंद होतं, चढ नव्हता, आणि आई तर चाळीस कोस लांब होती.

"अंकुशा," तो म्हणाला, "तोंड उघड त्याचं."

मी बॉनेट उचललं आणि आम्ही दोघांनी आत डोकी घातली.